लाल पलेट

महेमूदनं ब्याटरी ओसरीवर अशी आदळली की तेजाबाचे शिंतोडे चतुराच्या पातळावर उडाले.

"अय! डोळे हाइत का नुस्त्या खोबन्या?" चतुरा वरडली. उद्या सकाळपातूर या पातळाला चाळनीवानी भोकं पडनार, हे तिला ठावं व्हतं. तिचं एकबी पातळ धड राह्यलं न्हवतं.

महेमूदनं तिच्याकडं बघितलंबी न्हाई. तीर्थपुरीच्या सर्विस मोटारीचा तो डायवर. वरचा ओठ सुजून वांग्यावानी झाल्ता, म्होरचा दात गायब. दुकानाचा मालक काकासाहेब गादीवर बसला व्हता. त्याच्याम्होरं जाऊन महेमूदनं रगतमिसळ थुकीची एक पिंक ओसरीच्या कडंला टाकली अन् बोलाया लागला.

"लायटी गेल्या, सेठ. अंबडच्या पल्याड, ऐन उतारावर. दोन्ही एकदम बुझल्या. मोटार गेली नाल्यात. माझा दात गेला, एका म्हातारीचा खुबा निखळला, टपावर बांधलेली बकरी..."

"मेली?" काकासाहेबानं इचारलं.

"बकरीचं काय घेऊन बसले? ही ब्याटरी तुमच्याच दुकानातून नवी भरून नेल्ती मी, पोळ्याला. अजून दसरा न्हाई उजाडला!"

लढाईचे दिवस व्हते ते. मुंबईहून नव्या ब्याटऱ्या यायच्या बंद झाल्त्या. ज्या यायच्या त्या पल्टनीला जायच्या. म्हनून जालन्यात टेसनाच्या रस्त्याला काकासाहेबाचं दुकान जोरात चाललं व्हतं. मेलेल्या ब्याटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं वितळवायचं, साच्यात वतून त्याच्या जाळ्या करायच्या, अन् जाळीच्या घराघरात लगदा दाबून भरायचा, की झाली पलेट. पलेटी दोन जातीच्या. करडी पलेट मुर्दाडशिंगाच्या, म्हंजी शिशाच्या राखंच्या लगद्याची, ती कडूबा भरायचा. लाल पलेट शेंदराच्या लगद्याची, शेंदूरबी शिशाचाच, ती चतुरा भरायची. लाल-करडी, लाल-करडी अशा एकाआड एक हुभ्या करून, मधी लाकडाच्या पातळ चिपा घालून तेजाबाच्या पान्यात बुडवायच्या अन् इंजनावरच्या डायनाम्याला जोडायच्या. वीज आत शिरली की लाल पलेट हळूहळू काथाच्या रंगाची व्हायची. तशी झाली म्हंजी जमली. न्हाई झाली तर मोटार नाल्यात.

चतुरा इथं आल्ती ती नवऱ्यानं दुसरी बाई घरात घातल्यावर. तिनं त्याच्या डोक्यात पितळी घातली व्हती अन् त्याच पावली भाईर पडली व्हती. हात मातर तिचा सोन्यासारखा. एकबी घर पोकळ ठिवायची न्हाई, एकबी कड चढती सोडायची न्हाई. मिस्त्री ख्वाजामियाँ तिची पलेट उन्हात धरून बघायचे अन् "हौ, बराबर" एवढंच म्हनायचे. या हाताच्या जोरावर तिनं जालन्यात एक खोली घेतली व्हती, स्वताच्या कडीकुलपाची.

पन दुकानाची तिला शिसारी यायची. अंगनातल्या गटारात ब्याटऱ्यांचा काळा गाळ साचून त्याच्यावर साय धरायची. त्या गटाराचं पानी पिऊन एक कुत्रं केसं झडून पार मांसावानी गुलाबी झालं व्हतं, अन् ते दिवसभर भिताडाला अंग घासत ऱ्हायचं. संध्याकाळी काकासाहेब समद्यांना गुळाचा खडा द्यायचा, शिशाचं इख पोटातून उतरावं म्हनून. अन् कडूबा तो खडा लगद्यानं बरबटलेल्या बोटांनी तोंडात घालून वर बोटंबी चाटायचा. चतुरा आपला गूळ त्या कुत्र्याला टाकायची.

ख्वाजामियाँ पुढं झाले. मानूस म्हातारा, शिकंदराबादेला पल्टनीच्या कारखान्यात काम शिकलेला. त्यांनी ब्याटरीचं डांबर खरडून वरचं झाकन काढलं. काचेच्या पिचकारीत तेजाब ओढून तरंगता काटा बघितला. तेजाब ठीक व्हतं. मंग त्यांनी मखमलीच्या थैलीतून एक विलायती काडी काढली. पांढऱ्या धातूची, करंगळीएवढी, एका तारेला लावलेली. काडी पलेटींना न शिवता नुस्ती तेजाबात बुडवायची. मंग वीज मोजायच्या मीटरची एक तार काडीला, अन् दुसरी आधी करड्या पलेटीला, मंग लाल पलेटीला. काटा कुठं पडतो त्याच्यावरून कळायचं, दोघीत आजारी कोन. आख्ख्या जालन्यात असली काडी दुसऱ्या कुनाजवळ न्हवती.

समदे वाकून बघाया लागले. करड्या पलेटीवर काटा चांगला उभा राह्यला. लाल पलेटीवर हालला, अन् मेल्या उंदराच्या शेपटावानी पडला.

"करडी जित्ती हाय," मियाँ म्हनले. "लाल मेली."

एवढंच म्हनले. पन लाल म्हनल्याबरुबर समद्यांच्या माना चतुराकडं वळल्या.

"मला काय बघता? शेंदूर बघा!" ती म्हनली. "पैला डब्यातला यायचा. पिठावानी भुरभुरीत, हातात घेतला तर जड. आता तुमी पोत्यातून काय आनता? ढेपळं नुस्ती! तेलानं माखलेली. कुटून चाळून घेतली तरी बोटाला वंगन लागतं. कोंबडीचे पिसं निघत्यात त्याच्यात. परवा मला पालीचा पाय सापडला. आख्खा, नखासकट!"

"चतुरा, तोंड आवर," काकासाहेब म्हनला.

"का आवरू? त्या दिशी डोळा सापडला की. देवाचा! चांदीचा! कडूबाला दिला मी, त्यानं तुमाला दिला."

कडूबा खाली बघाया लागला. शेंदूर कुठून येतो ते त्याला ठावं व्हतं, कारन तोच आनायचा. लढाईत डब्यातला शेंदूर महाग अन् दुरमिळ झाल्ता. नदीकाठच्या म्हसोबावर मातर पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर थापून थापून त्याचं हातभर जाड कवच झालं व्हतं. कवच आपसूक गळालं की वाजत गाजत नदीत सोडायचं, असा नेम. पन भगतानं औंदा ते नदीत सोडलं न्हाई. काकासाहेबाच्या पोत्यात सोडलं.

काकासाहेबाला यात काही वावगं वाटत न्हवतं. उलट त्याचा ऊर भरून आल्ता.

"देवाच्या अंगावरचा शेंदूर हाय तो," तो महेमूदला समजावून सांगाया लागला. "वरसानुवरसं पूजा झालेला. त्याच्यात केवढं तेज असंल! त्याच्यात खोट निघनार हाय का? खोट निघाली तर हातात निघंल." मंग त्यानं चतुराकडं बघितलं. आवाज एकदम बारीक केला, पन समद्यांना आयकू जाईल एवढाच. "चतुरा, खरं सांग. पोळ्याच्या वक्ताला ही ब्याटरी भरली तवा तू... बाहेरची व्हतीस का?"

ओसरीवर मानसं किती व्हती! महेमूद, कडूबा, मियाँ, रस्त्यानं जाता जाता थांबलेले दोघंतिघं. चतुराला वाटलं व्हतं कोनीतरी लाजंल, मान वळवंल, तर कोनी वळवली न्हाई. उलट इचार कराया लागले.

"व्हतंय तसं," कडूबा म्हनला. "आमच्या आयनं एकडाव तसल्यात लोनच्याच्या बरनीला हात लावला, तर भाद्व्यापातूर बुरशी आली."

"पापड लाल पडत्यात," रस्त्यावरचा एक जन म्हनला.

"आमच्यातबी अचारला हात नै लावत," महेमूद सुजल्या ओठानं म्हनला.

"अन् हा तर देवाचा शेंदूर!" काकासाहेबानं मांडीवर थाप मारली. "लोनचं नासतं, तर देव कोपनार न्हाई का?"

चतुराला वाटलं समोरचा लगद्याचा टप उचलावा अन् समद्यांच्या थोबाडावर रिकामा करावा. ही मानसं, ज्यांच्या अंगाला म्हयन्या म्हयन्याचा घामट वास येतो, जी गटारात थुकून तेच हात धोतराला पुसत्यात, ती तिच्या अंगाचा हिशोब लावत बसली व्हती. जसं काय ती बरनीच हाय, अन् हे झाकन उघडून वास घेऊन राह्यले.

"उद्यापासून येऊ नको," काकासाहेब म्हनला. "तुझा दोष न्हाई बाई. बाईच्या जातीचा हाय. पन धंदा बुडतो माझा."

ते आयकल्यावर तिच्या डोळ्याम्होरं खोली आली न्हाई. तिचा भाऊ रखमाजी आला. अंतरवाली सराटीला शेती करून ऱ्हायचा. गेल्या येळी येऊन सांगून गेल्ता, मंठ्याचा एक बिजवर बघितलाय, लेकरं चार हाइत पन मानूस चांगला हाय. तो चांगला मानूस तिनं बघितला व्हता. तंबाखूचा रस हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून छातीच्या केसात. इथलं काम गेलं की खोली जानार, अन् खोली गेली की रखमाजी बैलगाडी घेऊन दारात.

"थांबा," ती म्हनली. "तोंडानं नका बोलू. मियाँजवळ काटा हाय ना? मंग लावा काटा."

"कशाला?"

"मी एक पलेट भरते. तसल्यातच भरते, तुमी म्हनता तसल्यात. हा कडूबा अंघोळ करून, वाटल्यास सोवळं नेसून एक भरू द्या. दोन बरन्यात दोन्ही घाला. दोन्हीवर एकएक दिवा लावा. माझा आधी विझला तर मी माझ्या पायानं जाते, तुमी नका हाकलू."

काकासाहेबानं महेमूदकडं बघितलं. महेमूदला कोनाचा तरी दोष पायजे व्हता, बकरीवाल्याला सांगायला. "देखो सेठ," तो म्हनला. "मी येतो बघाया."

"मंग... कधी?" काकासाहेबानं इचारलं.

चतुरानं दात आवळले. अन् समद्या पुरुषांच्या म्होरं, बाजाराचा दिवस सांगावा तसा, दिवस सांगितला.

*

त्या दिवशी काकासाहेबाची बायको तुळजाबाई दुकानात आली. एरवी ती दुकानाची पायरी चढायची न्हाई. तिनं चतुराला मागल्या खोलीत नेलं, जिथं फुटक्या बरन्या ठिवलेल्या असायच्या, अन् दार लोटलं.

"दाव," ती म्हनली.

"काय दावू?"

"अगं, मालक म्हनले खात्री करून घे. खोटं सांगून भरलीस तर परीक्षा कशी व्हनार?"

चतुरा तिच्याकडं बघतच राह्यली. तुळजाबाईच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू, तोंडात कात-सुपारी. तिला काही वाटत न्हवतं. गाभन गायीची कास चाचपावी तसा तिनं हात पुढं केला. चतुरानं तो हात मनगटात धरला अन् असा दाबला की बांगडी वाजली.

"हात लावायचा न्हाई," ती म्हनली. अन् पाठ फिरवून तिनंच दावलं, जे दावायचं ते. तुळजाबाईनं दोन पावलं मागं सरकून मान हालवली, अन् भाईर जाऊन नवऱ्याला मोठ्यानं सांगितलं, "हाय हो! खरं हाय!"

भाईर कोनीतरी "हाय म्हने" असं म्होरं पोचवलं. चतुरा त्या खोलीत भिताडाला डोकं टेकून हुभी राह्यली. तोंडाला पानी सुटलं व्हतं, वकारी येताना सुटतं तसलं. तिनं ते गिळलं.

अंगनात दोन पाट मांडले व्हते. एका पाटावर कडूबा, वल्या अंगानं, पंचा नेसून, कपाळाला गंध. त्याच्याम्होरं म्हसोबाचा शेंदूर, नव्यानं कुटलेला. काकासाहेबानं त्याच्यावर फूल वाह्यलं व्हतं. दुसरा पाट लांब, गटाराच्या कडंला. तो चतुराचा.

ती पोत्याकडं निघाली तसा काकासाहेब आडवा आला.

"अगं अगं! कुठं? देवाच्या शेंदराला शिवतीस का आज? आधी जे झालं ते अजानतेपनी झालं. आता डोळ्यादेखत कसं करू देऊ?" त्यानं कडूबाला सांगितलं, "तो जुना डबा बघ माळ्यावर. तळाला काही असंल तर दे तिला. बाजारचा हाय, त्याला काही विटाळ न्हाई."

कडूबानं डबा लांबूनच तिच्याकडं लोटला. चतुरानं आत हात घातला. तळाला मूठ-दोन मूठ शेंदूर व्हता. भुरभुरीत, पिठावानी, हाताला जड.

तिनं तोंड उघडलं. ही कसली परीक्षा? येगळ्या शेंदरानं हात कसा कळनार? बोलायचं पार जिभंवर आलं. ख्वाजामियाँबी तिच्याकडं बघून राह्यले व्हते. त्यांना कळलं व्हतं. ते कान खाजवाया लागले अन् इंजनाकडं बघाया लागले.

चतुरानं तोंड मिटलं. आधी जिंकू, मंग सांगू, तिनं मनात म्हनलं. एकदा माझा दिवा जास्ती जळला की मी समद्यांच्या म्होरं सांगीन, बघा रे, हात न्हाई, माल. तवा आयकतील. तवा आयकावंच लागंल.

तिनं शेंदरात तेजाबाचं पानी थेंबाथेंबानं घातलं, लगदा मळला, लाकडी थापीनं जाळीची घरं भरली. कड दाबली, पाठ सारखी केली. गटाराचा वास नाकात जात व्हता अन् ते गुलाबी कुत्रं येऊन तिच्या पाटाला अंग घासत व्हतं, तरी हात चुकला न्हाई.

पलेटी वाळल्यावर मियाँनी काचेच्या दोन मोठ्या बरन्या घेतल्या. दोन्हीत कडूबाच्याच दोन करड्या पलेटी, दोन्हीत एकाच घागरीतलं तेजाबाचं पानी. एकीत चतुराची लाल, एकीत कडूबाची लाल. अन् रातभर डायनाम्यावर चढवल्या.

सकाळी चतुरा आली तवा अंगनातच वास आला. सडक्या अंड्याचा अन् जळल्या केसांचा, दोन्ही मिळून. कडूबाच्या बरनीवर पिवळट फेस आल्ता, खरकट्या भांड्यावर येतो तसा. फेसात पिसाचा एक काळा तुकडा गरगरत व्हता. पलेट कुठं काथाच्या रंगाची, कुठं तशीच लाल, अंगावर गजकर्न उठावं तशी. अन् तळाला लगद्याचे पापुद्रे गळून पडले व्हते. चतुराची पलेट वरपासून खालपातूर एकसारखी काथाच्या रंगाची व्हती, पान्यात बुडबुडे बारीक, स्वच्छ.

"देवाच्या शेंदराला तेज जास्ती, म्हनून फेस," काकासाहेबानं लोकांना सांगितलं. बघ्यांनी ओसरी भरली व्हती. नाकाला धोतर लावून हुभे व्हते, पन हलत न्हवते.

मियाँनी दोन्हीवर हातबत्तीचे बारके दिवे लावले. दोन्ही लागले. काकासाहेबानं हात जोडले. कडूबाची बरनी पैल्यापैल्यानं चांगली जळली, अन् लोकं "बघा, बघा" कराया लागली. महेमूदनं चतुराकडं बघून पडलेल्या दाताच्या फटीतून हसल्यासारखं केलं.

मंग ऊन ओसरीच्या पायरीवर यायच्या आतच कडूबाचा दिवा तांबडा पडला. आतली तार इस्तवाच्या किड्यावानी दिसाया लागली. अन् गेली.

चतुराचा दिवा जळत व्हता. लोकं जेवून आली, जळत व्हता. इंजन बंद झालं, कुत्रं सावली बदलून झोपलं, तरी जळत व्हता. दिवेलागनीच्या वक्ताला मियाँनी काडी बुडवून काटा लावला. कडूबाच्या लाल पलेटीवर काटा पडलेलाच व्हता. चतुराच्या पलेटीवर ताठ.

"आता आयका," चतुरा म्हनली. "हातात काही न्हवतं. माझ्याबी, कडूबाच्याबी. शेंदूर येगळा व्हता! मला डब्यातला दिला, चोख. त्याला म्हसोबाचा, तेलकट. तेल लागलं की वीज आत शिरत न्हाई. मियाँ, सांगा की! तुमी बघितलं ना?"

समद्यांनी मियाँकडं बघितलं. मियाँनी काडी पुसली, मखमलीच्या थैलीत घातली, थैलीची नाडी आवळली.

"मी काटा बघतो," ते म्हनले. "काटा सांगतो पलेट जित्ती का मेली. ज्यादा काही काट्याला ठावं न्हाई."

"मियाँ!"

"काय करू? बोलू काय?" ते तिच्याजवळून जाता जाता हळूच म्हनले. "तेरा काम हो गया ना, बेटी? मंग नक्को बोलू."

काकासाहेब मातर तिचं काही आयकतच न्हवता. तो तिच्या बरनीपाशी गेला, वाकला, दिव्याकडं बघितलं. अन् उठला तवा त्याचं तोंड बदललं व्हतं. चतुराला वाटलं हा आता रागवनार. त्यानं हात जोडले.

"देवाचा शेंदूर हारला," तो म्हनला. "अन् हिचा हात जिंकला. तोबी असल्या दिवसात. म्हंजी कोन आलंय हिच्या हातात, सांगा बरं?"

"देवी," कोनीतरी म्हनलं.

"देवीच!" कडूबा म्हनला. काल अंघोळ करून तिच्यापासून चार हात लांब बसलेला कडूबा.

"अरे मूर्खांनो, शेंदूर!" चतुरा किंचाळली. "शेंदूर येगळा व्हता!"

"बघा, बोलतीय कशी," तुळजाबाई म्हनली. "अंगात आल्याशिवाय मालकाला असं कोन बोलंल?" अन् तिनं पुढं होऊन चतुराच्या कपाळावर हळदकुंकू दाबलं. कालच्याच हातानं.

महेमूदनं तर लगेच सांगून टाकलं, "मेरी ब्याटरी इसकेच हाथसे भरो, सेठ. उन दिनोंमेंच."

*

काकासाहेबानं नवा नेम ठरवला. चतुरानं लाल पलेटी तसल्या दिवसातच भरायच्या, म्हयन्याच्या समद्या एकदम. बाकीच्या दिवसात घरी बसून रोजी घ्यायची. कामावरून काढायचं तर सोडाच, तिच्यासाठी अंगनात आडोसा केला, नवं पातळ आलं. जे पायजे व्हतं त्याच्या दुप्पट तिला मिळालं, अन् तिला ते पायाखालच्या गाळावानी वाटलं.

दुसऱ्या दिवशी तुळजाबाई तिच्या खोलीवर आली. कधी न्हवं ते उंबऱ्याच्या भाईरच बसली. पदराशी चाळा करत राह्यली, मंग म्हनली, "एक इचारायचं व्हतं, बाई."

काल चतुरा व्हती. आज बाई झाल्ती.

"मालक म्हनले... तुझ्या हातचं एवढं, तर मंग... तुझा एखादा कपडा, तसल्या दिवसातला, धुवायच्या आधी... टपात खाली ठिवला तर? कडूबानं भरलेल्या पलेटींनाबी गुन लागंल म्हनले. कोनाला कळनार न्हाई. मी घेऊन जात जाईन."

चतुरा उठली. खोलीच्या कोपऱ्यात मोरी व्हती, तिथपातूर कशीबशी गेली अन् सकाळची भाकर वकून टाकली. मागं तुळजाबाई "देवीचा वारा हाय, देवीचा वारा" असं पुटपुटत व्हती.

आता जावं, चतुराला वाटलं. आत्ता, या पावली. पितळी घालून भाईर पडली व्हती तशी. पन त्या येळी भाईर जालना व्हतं. आता भाईर रखमाजी व्हता, अन् मंठ्याच्या मानसाची तंबाखूनं माखलेली छाती. ती मोरीच्या कडंला बसून इचार करत राह्यली. खरं सांगून बघितलं व्हतं. ओरडून सांगितलं व्हतं. या मानसांना खरं दिलं की ती त्याच्यावर हळदकुंकू टाकत्यात.

तिनं चूळ भरली, तोंड पुसलं अन् वळली.

"कपडा भेटनार न्हाई," ती म्हनली. "फिरून नाव काढलं तर ब्याटरी न्हाई, तुमचं घर इझवीन."

तुळजाबाईनं घाईनं हात जोडले.

"अन् दुसरं आयका. मालकाला सांगा. तसल्या दिवसात मी देवाच्या शेंदराला शिवनार न्हाई. तुमचाच नेम हाय. मला बाजारचा लागंल, डब्यातला, सीलबंद. हैद्राबादेहून आना, बंबईहून आना, कुठूनबी आना. म्हसोबाचं एक ढेकूळ जरी टपात दिसलं, तर देवी जाईल निघून."

"आनतील! आनतील की!" तुळजाबाई म्हनली. तिला हे बराबर पटलं. चतुराला तिच्या डोळ्यात बघवंना, एवढं पटलं.

अन् आनलाबी. जो शेंदूर महाग म्हनून दोन म्हयने दुकानात दिसला न्हवता, तो डब्याच्या डब्यानं आला. ब्याटऱ्या टिकाया लागल्या. तीर्थपुरीची मोटार अंधाराचीबी उतारावरून नीट याया लागली. म्हाताऱ्या कोताऱ्यांचे खुबे शाबूत राह्यले. यात खोटं काही न्हवतं, अन् चतुरा स्वताला हेच सांगायची.

म्हयना भरत आला की दुकानात गर्दी व्हायची. बाईची तारीख टेसनावरच्या हमालापातूर समद्यांना तोंडपाठ. एकडाव तिचं अंग चुकलं, दिवस पुढं गेले. पन अंगनात ब्याटऱ्यांची रांग लागलेली, इंजन तापलेलं. ती गेली अन् आडोशाला बसली. कोनी खात्री केली न्हाई. आता तिला शिवायची कोनाची हिंमत न्हवती. खोट्यानं बसली तरी पलेटी तशाच निघाल्या, काथाच्या रंगाच्या, एकसारख्या. निघनारच व्हत्या. मियाँनी काटा लावला अन् "हौ, बराबर" म्हनले. तिनं त्यांच्याकडं बघितलं न्हाई. त्या दिवसापासून तिनं त्यांच्याशी बोलनं सोडलं व्हतं.

पुढल्या म्हयन्यातबी दिवस तारखंला जुळले न्हाईत, अन् ती खोट्यानंच बसली. कोपरापातूर हात लाल करून ती घरं भरत व्हती, तवा आडोशापल्याड एक अनोळखी आवाज आला. मंठ्याच्या ठेकेदाराचा मानूस व्हता, लारीची ब्याटरी डोक्यावर घेऊन आल्ता.

"बाई बसल्याती का?" त्यानं कडूबाला इचारलं. दवाखान्यात डाक्टर आलाय का इचारावं तसं, खड्या आवाजात, भर रस्त्यावर.

"आजच बसल्या," कडूबा कौतुकानं म्हनला. "नंबर लाव."

"मालकानं सांगितलंय, पैल्या दिवसाच्या पैल्या पलेटी आन. ज्यादा तेज असतंय म्हने. बाई, हो बाई! पैल्या हाइत ना?"

चतुराचा हात जाळीवर थांबला. लगदा बोटांमधून सावकाश गळत व्हता.

"पैल्याच हाइत," ती आतून म्हनली. "ब्याटरी ठिव अन् लांब हुभा ऱ्हा. सावली पडू देऊ नको."

तो मानूस झटक्यात मागं सरला. आडोशाच्या फटीतून तिला त्याचे पाय दिसत व्हते, धुळीनं माखलेले, टाचांना भेगा. ते वळले, अन् मंग गुडघेबी दिसले, अन् कपाळ. तो आडोशाला पाया पडत व्हता.

चतुरानं गटारात थुकलं अन् पुढली जाळी घेतली.